रुळांचं इकडचं टोक

काशीराम मास्तरांनी आयुष्यात आगगाडीचा प्रवास एकदाच केला, आणि त्यातही निम्मी वाट ते उभे होते. गर्दी होती म्हणून नव्हे. समोरच्या बाकावर एका गृहस्थाने आपली वळकटी ठेवली होती आणि ती जरा सरकवा म्हणण्याचा धीर मास्तरांना काही होईना. शेवटी घाटाच्या पायथ्याशी वळकटी आणि गृहस्थ दोघेही उतरले. मग मास्तर बसले, खिडकीतून बाहेर पाहू लागले, आणि तेव्हापासून जन्माचे कामातून गेले.

त्या प्रवासातून त्यांनी एक वेळापत्रक आणलं होतं. पेन्शनीत निघाल्यावर माणसं सकाळी पोथी वाचतात. मास्तर वेळापत्रक वाचत. त्यातल्या निम्म्या गाड्या एव्हाना बदलल्या असतील, काही बंदही झाल्या असतील. पण रत्नागिरीच्या माणसाला त्याचं काय? चालू गाडी आणि बंद गाडी त्याला सारख्याच लांब. ओसरीवर बसून मास्तर एकेक स्टेशन मनाशी उच्चारत, मध्येच चष्मा काढून माडांच्या शेंड्यांकडे बघत राहत, आणि त्या शेंड्यांवरून धुराची एक रेघ उत्तरेकडून हळूहळू येताना त्यांना दिसे.

"आली का तुमची गाडी?" आतून यमुनाबाई विचारत. "आली असेल तर तिला म्हणावं, येताना विहिरीवरून दोन घागरी घेऊन ये."

मास्तर वेळापत्रकाचं पान उलटत. बोलण्यासारखं असे, पण ते बोललं जात नसे. त्यांची एकुलती मुलगी राही खेडला दिली होती. खेडहून यायचं तर खाडीतून मचव्याने दाभोळ, दाभोळहून आगबोट. आणि राहीला बोट इतकी लागे की बंदरावर उतरल्यावर ती आईला आधी ओळखतच नसे. पावसाळ्यात तर बोटीच बंद. त्यामुळे लग्न झाल्यापासून राही एकदाही गौरीला माहेरी आली नव्हती. गौर आली की यमुनाबाई जेवायला एक पाट जास्त मांडत आणि मग न बोलता तो उचलून भिंतीला टेकवून ठेवत. मास्तरांचं सगळं वेळापत्रक त्या एका पाटापाशी येऊन थांबत असे.

आता मास्तरांच्या शेवरेवाडीत रूळ कुठून आले ते सांगितलं पाहिजे. मुंबईच्या एका ठेकेदाराने वाडीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, जांभ्याची खाण काढली होती. चिरे बंदरावर न्यायला त्याने सड्यापासून खालच्या बंदरापर्यंत गावकीच्या जमिनीतून एक पट्टा सरळ करून घेतला आणि त्यावर हलके रूळ घातले. त्यावरून ढकलगाड्या चालत. भरलेली गाडी उतारावरून आपसूक खाली जाई, रिकामी चार गडी वर ढकलत आणत. काही वर्षांनी ठेकेदाराचं कंबरडं मोडलं. तो निरोप धाडून मोकळा झाला, की लोखंड परत नेणं मला परवडत नाही. गावाला हवं तर गावाने ठेवावं, फक्त खाणीच्या खड्ड्यावरून माझ्या नावाने ओरडू नये.

त्यावर जाखमातेच्या देवळात गाव बसला. महिपतराव खोत खांबाला टेकून म्हणाले, "लोखंड गावाने घ्यावं. आमचं काही म्हणणं नाही. पट्टा तेवढा आमच्या आंब्याच्या कलमांना लागून आहे, तो आम्ही आत घेतो. उगाच मोकळी जागा कशाला हवी? गुरं शिरतात."

सगळे गप्प बसले. खोत बोलले की गप्प बसायचं ही रीतच होती. आणि त्या शांततेत कुणीतरी खाकरलं. आपणच खाकरलो हे मास्तरांच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या.

"रूळ काढू नयेत," मास्तर खांबाकडे बघत म्हणाले. "पट्टाही कुणी आत घेऊ नये. दोन्ही गावाचं असावं. पुढेमागे उतारूंची गाडी येईल, तेव्हा जागा हवी... म्हणजे असं मला आपलं वाटतं."

"कुठून येईल गाडी?" खोतांनी विचारलं.

"उत्तरेकडून."

"आणि जाईल कुठे?"

मास्तरांच्या तोंडून "खेडला" असं निघून गेलं. देवळात हशा पिकला. दादू गावकर, म्हणजे गावाचा पहिला मानकरी, डोळे पुसत म्हणाला, "काय वो मास्तर, खेड त्या अंगाला, न् ही लाईन जात्ये दर्यात!"

"प्रत्येक लाईन आधी कुठेतरी भलतीकडेच जाते," मास्तर हळूच म्हणाले. "वेळापत्रकात पाहा ना. मग तिला फाटे फुटतात."

हे कुणाला पटलं असेल असं वाटत नाही. पण खोतांना ते मान्य नाही, एवढं सगळ्यांना दिसलं, आणि खोतांना जे मान्य नाही ते निम्म्या गावाला तत्काळ मान्य असे. रूळ आणि पट्टा गावाचे झाले. त्यांचं काय करायचं ते मास्तरांनी बघावं असंही ठरलं. मास्तर घरी आले ते जमिनीपासून वीतभर वरून चालत. यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरातला कंदील पुसायला सांगितला तर आठ दिवस लागतात. आता आगगाडी चालवा."

मास्तरांच्या मनात आलं, तोंडी ठरलेलं टिकत नाही; सरकारदरबारी त्याची नोंद हवी. म्हणून डोक्याला रुमाल गुंडाळून ते शहरात कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकलं. फार सज्जन मनुष्य होता. सज्जन माणसांपुढे मास्तरांना अधिकच भीती वाटे.

"रस्ता आहे का हा?" कारकुनाने विचारलं.

"नाही. रूळ आहेत."

"मग रेल्वेकडे जा."

"रेल्वे इथे नाही."

"मग रूळ कसे आहेत?"

मास्तरांनी खाण, चिरे, ठेकेदार सगळं सांगितलं. कारकुनाने कान कोरला. "खाली बंदरात जाते म्हणता, तर मग बंदरखात्याकडे का नाही?" बंदरखात्याने विचारलं, ही वस्तू पाण्यात तरंगते का? तरंगत नसेल तर आमचा संबंध नाही. मास्तर पुन्हा पहिल्या टेबलाशी आले. कारकुनाला आता त्यांची दया आली होती. "हे बघा, नसलेल्या गाडीच्या नसलेल्या उतारूंसाठी सदरच नाही आमच्याकडे. यंदा लोखंड लागणारं एकच सार्वजनिक काम मंजूर आहे, गुरांचा कोंडवाडा. कोंडवाडा म्हणून घालू का?"

मास्तरांना 'नको' म्हणायचं होतं. पण समोरचा माणूस एवढ्या आपुलकीने विचारतो आहे म्हटल्यावर ते "बघा तुमच्या सोयीने" असं म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात कुणाचे तरी दोन भटके रेडे शेवरेवाडीच्या रुळांना बांधून ठेवलेले आढळले, आणि त्यांना वैरण घालण्याचं काम ओघानेच मास्तरांकडे आलं. रेडे पुढे आपले आपण निघून गेले. जाताना एकाने मास्तरांचा रुमाल खाल्ला.

इकडे गावाला मात्र गाडीची स्वप्नं पडू लागली होती. मास्तरांना वाटे की स्वप्न हा आपलाच एकट्याचा रोग. पण तो तर पटकीपेक्षा वेगाने पसरला. संध्याकाळी ओसरीवर माणसं येऊन बसत. गाडीत बसून कोण कुठे जाणार ते सांगत. कुणी गणपतीपुळ्याला, कुणी देवरूखच्या बाजाराला, कुणी नुसतंच जाऊन परत. अंधार पडेपर्यंत ती सगळी ओसरी जणू हलत असे, आणि मास्तरांना वाटे, आता शिट्टी होणार.

"शिट्टी नको हां," शेजारच्या गंगुबाईंनी बजावलं. "माझी म्हैस आधीच पान्हा चोरते."

"शिट्टीशिवाय गाडी कशी चालेल, गंगुबाई?"

"मग दूध तुम्ही द्या."

त्याहून बिकट प्रश्न स्टेशनचा. दादू गावकर म्हणाला, स्टेशन माझ्या दारात, कारण पहिला मान माझा. खोतांनी निरोप पाठवला की खुळेपणा चालवलाच आहे तर तो रीतीने चालवा. पालखीला पहिला खांदा आमचा, तेव्हा स्टेशन आमच्या फाटकाशी. खालची वाडी म्हणाली, आमची वाडी वगळलीत तर गाडी पुढं जाऊ देनार न्हाय. मास्तरांना कुणालाच नाही म्हणता आलं नाही. त्यांनी सगळ्यांना स्टेशन दिलं. घरटी एक स्टेशन झालं तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब केला, की गाडी सकाळी सड्यावरून सुटली तर रुळांवर तिच्यापुढे चालणारी कोंबडी बंदरावर आधी पोचेल.

तरीही एकदा गाडीत बसून पाहावं, असं गंगुबाईंनी ठरवलं. त्यांना बंदरावर मासळी आणायला जायचंच होतं. एक ढकलगाडी सड्यावर गंजत पडली होती. तिच्यात पाट टाकून गंगुबाई बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही पण या. एकट्या बाईमाणसानं कसं जायचं?" गाडी धरून ठेवणारा दांडका दादूच्या हातात होता. मास्तर आत चढले, धोतर सावरून बसले, आणि कुणी सांगितलं नसताना त्यांनी खिडकीबाहेर बघतात तसं बाजूला पाहिलं. दादूने दांडका सोडला.

सुरुवात फार सुंदर झाली. कलमं मागे सरकू लागली. उन्हाचे कवडसे अंगावरून धावू लागले. खाली खाडी चकाकत होती, आणि मास्तरांना वाटलं, ही खाडी नव्हे, खेडची जगबुडी नदी आहे. ते बघ खेड आलं. राही दारात उभी आहे. त्यांनी हात हलवला. एवढ्यात गंगुबाई किंचाळल्या, "थांबवा!"

थांबवायचं कसं ते वेळापत्रकात कुठेच दिलेलं नव्हतं. रूळ संपले तिथे बंदरावरची वाळू होती, आणि वाळूवर कोळणींनी बोंबील सुकत घातले होते. गाडी वाळूत रुतली. उतारू पुढे गेले. गंगुबाई बोंबलांतून उठल्या, पदर झटकला, शांतपणे म्हणाल्या, "गाडी बरी आहे. थांबत नाही, एवढाच काय तो दोष." मास्तरांना मात्र कोळणींनी जे सुनावलं ते तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या कुठल्याच धड्यात नव्हतं. घरी आल्यावर यमुनाबाईंनी त्यांना विहिरीपाशीच थांबवलं. "आधी तिथेच आंघोळ. मग सांगा खेडचं कसं काय आहे."

पुढे चार दिवस मास्तर लाजेने घराबाहेर पडले नाहीत. आणि नेमका तेवढ्यात घोटाळा झाला.

पाचव्या दिवशी सकाळी दारात दोघे गडी उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर चार हात लांबीचा, लोहाराकडून तोडून आणलेला रुळाचा तुकडा होता. त्यांच्यामागून दादू गावकर नारळ घेऊन आला. "घ्या मास्तर, तुमचा वाटा."

"कसला वाटा?"

"लाईनीचा. तुमीच न्हाय का बोललात, लाईन गावाची? गावाची म्हणजे समद्यांची. समद्यांची म्हणजे सामायिक. न् सामायिक ठेवलं की भांडणं, मास्तर! आमच्या एका फणसापायी बापूस न् चुलता मरेपर्यंत बोलले न्हाईत. म्हून म्हटलं, गोडीत हाव तवरच वाटून घ्यावं. मानाप्रमानं वाटली. कुनाची तक्रार न्हाय. तुमचे लय उपकार हायत."

मास्तर धावत पट्ट्यावर गेले. तिथे नुसती जांभ्याची लाल जमीन, सड्यापासून समुद्रापर्यंत, वेणी कापून टाकल्यासारखी. रूळ घराघरांत पोचले होते. कुणी गोठ्याला तुळई केली होती, कुणी ओहोळावर साकव. खालच्या वाडीत एकाने तर तुकडा उभा पुरून त्याला बकरी बांधली होती, आणि ती बकरी मास्तरांकडे स्टेशनमास्तरसारखी बघत होती. सगळेजण त्यांना हाक मारून आपापला रूळ कौतुकाने दाखवत होते. "बरा आहे, बरा आहे," म्हणत मास्तर घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. यमुनाबाई त्या दिवशी घागरीबद्दल काही बोलल्या नाहीत.

लाईन गेली तशी पट्ट्याची राखणही गेली. रूळच नाहीत तर पट्टा कशाला, असं म्हणून खोतांनी कलमांच्या कडेने गडगा घालायला घेतला. गडगा म्हणजे चिऱ्यांची बिनचुन्याची भिंत. तिला चिरे फार लागतात. खाण बंद पडलेली. खोतांनी शक्कल काढली. देवळाकडून खाली उतरणारी जुनी पाखाडी होती, एरवी तिच्यावर आता कुणी पाऊल टाकत नसे, आणि तिच्या पायऱ्यांचे चिरे आयतेच घडलेले. मधल्या भागातल्या पायऱ्या त्यांनी गुपचूप उपटल्या आणि गडग्याला लावल्या. गडगा पट्ट्याच्या आडवा कमरेएवढा उठला. मास्तर रोज लांबून बघून येत. एकदा ते खोतांच्या फाटकापर्यंत गेलेही. तिथे त्यांनी कुत्र्याची चौकशी केली आणि परत आले.

मग शिमगा आला. होम झाला, जाखमातेची पालखी सजली आणि उन्हं कलताना वाजतगाजत देवळातून निघाली. पहिला खांदा रीतीप्रमाणे महिपतराव खोतांचा. शिवा गुरव पुढे, ढोल मागे, गुलालाने लाल झालेले सगळे नाचत पाखाडीच्या तोंडाशी आले आणि थबकले. पायऱ्याच नव्हत्या. मधोमध नुसती उभी दरड. उडी मारता आली असती, पण देवीला घेऊन कोण उडी मारणार?

"पायऱ्या गेल्या कुठं?" शिवा गुरव ओरडला.

खोतांनी दोन्ही हातांनी पालखीचा दांडा घट्ट धरला आणि आकाशाकडे पाहिलं.

ढोल थांबले. पालखी एकदा निघाली की मागे फिरवायची नाही, आणि सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, हे वाडीतलं तान्हं पोरसुद्धा जाणतं. आता काय करायचं कुणाला सुचेना. गर्दीच्या कडेला मास्तर उभे होते. त्यांच्या डोळ्यांपुढे यमुनाबाईंनी भिंतीला टेकवलेला पाट आला. आपल्या छातीत ढोल वाजतोय की बाहेर, हे त्यांना कळेना. बाहेरचे तर कधीच थांबले होते.

"इकडून," मास्तर म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. "इकडून या! लाईनीवरून! उतार बेताचा आहे!"

पालखी वळली. लाल सरळ पट्ट्यावरून ती अशी अलगद उतरू लागली, की खांदेकऱ्यांचे पाय आपोआप एका ठेक्यात पडू लागले. मास्तर बाजूने धावत होते. ढोलांच्या तालात त्यांना चाकांचा आवाज ऐकू येत होता, आणि कलमं मागे सरकत होती, तशीच, अगदी तशीच. आणि मग गडगा आला.

पालखी गडग्यापुढे उभी राहिली. अगदी पुढे, खांद्यावर देवी आणि नाकासमोर स्वतःची भिंत, असे महिपतराव खोत.

शिवा गुरवाने वाकून चिऱ्यांवरून हात फिरवला. मग गंगुबाई म्हणाल्या, "चिरे ओळखीचे दिसतात हो."

"खोत," शिवा गुरव अदबीने म्हणाला, "पैला खांदा तुमचा. वाट करा."

खांदा सोडावा तर मान जातो. न सोडावा तर गडगा आडवा. खोतांनी एकदा गावाकडे पाहिलं, एकदा देवीकडे. मग डाव्या खांद्यावर दांडा तोलून त्यांनी उजव्या हाताने पहिला चिरा खाली ढकलला. दुसरा जड होता. तो ढकलायला शेजारून एक सुरकुतलेला हात आला. "मी धरतो," मास्तर म्हणाले. खोतांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की एरवी मास्तर आठ दिवस घराबाहेर पडले नसते. आज त्यांनी तिसरा चिराही धरला.

वाट झाली. तिथेच शिवा गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा जाखमाते म्हाराजा! आजपासून ही तुझी वाट. हिच्यात कोन आडवा येईल त्याला सुबुद्धी दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"न् आमच्या मास्तरांची जी काय आगगाडी येवाची हाय, ती आज येवो, उद्या येवो, आमच्या नातवा-पंतवांच्या येळेस येवो, ह्याच वाटेनं सुखरूप येवो रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात खोतांचाही आवाज होता. पालखी खांद्यावर असताना त्यांना गप्प कसं बसता येणार?

ज्या वाटेने पालखी एकदा गेली ती वाट कुणाची राहत नाही, आणि कुणाच्या बापाला ती अडवता येत नाही. कचेरीतल्या कुठल्याही सदरात हे बसलं नसतं. आणखी एक गोष्ट झाली. देवीच्या वाटेवरची वस्तू घरात ठेवणं बरं नव्हे, असं कुणीतरी पुटपुटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून रूळ परत यायला लागले. बकरी सुटली, गोठ्यांच्या तुळया निघाल्या. तुकडे झाले होते, त्यांवरून गाडी काही चालली नसती. पण पट्ट्याच्या कडेने ते नीट रचले गेले. दादू गावकर मानाप्रमाणे एकेक वाटा जमा करून घेत होता.

संध्याकाळी तो मास्तरांच्या दारात आला. मागे गंगुबाई, शिवा गुरव आणि आणखी चार माणसं. दादू फार संकोचला होता. "मास्तर, कसं बोलू... समदे आले. येकच वाटा ऱ्हायला."

"कुणाचा?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचा."

त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून निजल्यापासून आपल्या तुकड्याचं काय झालं, हे मास्तरांनी पाहिलंच नव्हतं. साऱ्या गावाने परत केलं, आणि लाईन वाचवणाऱ्याच्याच घरात चोरीचा माल! ते लगबगीने उठले, ओसरीखाली पाहिलं, विहिरीपाशी पाहिलं. मग मागच्या अंगणात गेले. पाठोपाठ सगळे गेले.

तुळशीच्या पलीकडे शेणाने सारवलेल्या जमिनीत तो तुकडा अर्धा पुरून ठेवला होता. घासून लखलखीत केलेला. त्याच्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं होती. यमुनाबाई वाकून त्याच्याभोवती रांगोळी घालत होत्या.

"अगं, हा द्यायचा आहे," मास्तर कसनुसे म्हणाले. "सगळ्यांनी दिले."

"सगळ्यांनी देऊ दे," यमुनाबाई मान वर न करता म्हणाल्या. "हा मिळायचा नाही."

"वयनी, देवीच्या वाटेवरचा हाय," दादू म्हणाला.

"ठाऊक आहे. देवीला सांगून ठेवलाय मी." त्यांनी हात झटकले आणि उभ्या राहिल्या. तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, की तो तुकडा समुद्राकडे तोंड करून नव्हता आणि सड्याकडेही नव्हता. माडांमधल्या फटीतून, नीट उत्तरेला रोखून पुरला होता.

"खेडकडून निघून येईल ती गाडी," यमुनाबाई म्हणाल्या, "तर तिला पोचायला इकडचं टोक नको का? हे ते टोक."

दादूने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. माडांवर उन्हं उतरत होती. मास्तर तिथेच रुळाशेजारी बसले, चष्मा पुसला, आणि थोडं सरकून त्यांनी यमुनाबाईंना जागा करून दिली.